मोबाइलवर क्रिप्टो मायनिंग खरोखर होते का? घरातल्या तीन फोनबद्दल सल्ला हवा आहे

धायरीची ताई

नमस्कार. मी धायरीत राहते आणि एका शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ एमपीएससीच्या तयारीसाठी दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि दिवसभर नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. खानावळीचे पैसे तरी आपले आपण काढावेत, या विचाराने त्याने तीन महिन्यांपूर्वी मोबाइलवर मायनिंग सुरू केले. त्याचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच रागावण्याआधी नीट समजून घ्यावे असे वाटले.

सध्या घरात तीन फोन या कामाला लागलेले आहेत. त्याच्या स्वतःच्या फोनवर एक ॲप आहे. त्यात चोवीस तासांतून एकदा बटण दाबायचे, की हिरवे वर्तुळ फिरू लागते आणि खाली बिटकॉइनचा आकडा वाढताना दिसतो. वेग वाढवण्यासाठी त्याने १,९९९ रुपयांचा एक प्लॅन घेतला, आणि प्रत्येक नव्या माणसामागे वेग आणखी वाढतो म्हणून अभ्यासिकेतल्या पाच मुलांना जोडून घेतले. भोरजवळ गावी असलेल्या आमच्या वडिलांच्या फोनवरही त्याने हेच ॲप घालून दिले आहे. तिसरा फोन माझा जुना आहे. टेलिग्रामवरच्या एका गटात आलेल्या पीडीएफमध्ये बघून त्याने त्यावर टर्मक्स नावाचे, ओळी टाइप करून प्रोग्राम चालवायचे काहीतरी बसवले आणि त्यात दिलेल्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या. तो फोन रात्रंदिवस चार्जरला लावलेला असतो आणि हातात धरवत नाही इतका तापतो.

भावाच्या ॲपमध्ये आज ०.००४६ बिटकॉइन दिसतात, म्हणजे जवळजवळ शेहेचाळीस हजार रुपये. पैसे काढायला गेल्यावर मात्र ‘वॉलेट सक्रिय करण्यासाठी’ ४,५०० रुपये एका यूपीआय आयडीवर भरायला सांगितले जाते, आणि तो आयडी एका व्यक्तीच्या नावाचा आहे. वडील म्हणतात, डेअरीचे दुधाचे बिल आले की मी भरतो. ते बिल चार दिवसांत येईल. त्याआधी मला दोनच गोष्टी कळायला हव्या आहेत: फोनवर असे मायनिंग खरोखर होते का, आणि हे पैसे भरावेत का?

हिंजवडीहून

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एक रुपयाही भरू नका आणि वडिलांना आजच फोन करून तसे सांगा. आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण तो समजला की आपल्या भावाला दुसऱ्याचे उत्तर कुणी पटवून द्यावे लागणार नाही.

बिटकॉइनच्या मायनिंगमध्ये कुठलेही अवघड गणित सोडवले जात नाही. व्यवहारांच्या एका गठ्ठ्याचा, म्हणजे ब्लॉकचा, ८० बाइटचा मथळा घ्यायचा, त्यात एक आकडा घालायचा आणि मजकुराचे ठरावीक लांबीच्या संख्येत रूपांतर करणाऱ्या एसएचए-२५६ या पद्धतीतून तो दोनदा काढायचा. जे उत्तर येईल ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान निघाले तर जिंकलो, म्हणजे त्या ब्लॉकची नवी नाणी आपली, नाही तर आकडा बदलून पुन्हा तेच करायचे. यात हुशारीला वाव नाही. ज्याचे यंत्र सेकंदाला जास्त आकडे तपासते, त्याला जास्त संधी मिळते, एवढाच हिशेब आहे. शिवाय दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही मर्यादा आपोआप अशी बदलली जाते की जगभर कितीही यंत्रे आली तरी सरासरी दहा मिनिटांना एकच ब्लॉक सापडावा. म्हणून जास्त लोक आले की जास्त नाणी निघतात, हे ‘माणसे जोडा, वेग वाढवा’ या जाहिरातीतले गृहीतकच चुकीचे आहे. माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी होतो.

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले तेव्हा घरच्या संगणकावर नाणी मिळत, हे खरे आहे, आणि त्याच काळातल्या गोष्टी अजून लोकांच्या डोक्यात आहेत. २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनवलेल्या चिपची यंत्रे आली आणि साधे संगणक स्पर्धेतून बाहेर पडले. आजच्या अशा एका यंत्राचे, अँटमायनर एस२१ चे, उदाहरण घेऊ. ते सेकंदाला दोनशे लाख कोटी आकडे तपासते आणि त्यासाठी ३,५०० वॉट वीज खाते. चांगला फोन सेकंदाला दोन कोटी आकडे तपासतो असे धरू. म्हणजे त्या एका यंत्राची बरोबरी करायला एक कोटी फोन लागतील, आणि जगात अशी यंत्रे लाखोंनी चालू आहेत.

आता पैशांत मांडून बघू, कारण मला स्वतःला हे पटले ते कागदावर हिशेब केल्यावरच. जगभरच्या यंत्रांचा एकत्रित वेग मी मुद्दाम कमी, सेकंदाला ६०० एक्झाहॅश, म्हणजे सहाच्या पुढे वीस शून्ये, एवढाच धरतो. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात आणि वर्षात साधारण ५२,५६० ब्लॉक होतात. या सगळ्यात सेकंदाला दोन कोटी आकडे तपासणाऱ्या फोनचा वाटा काढला, तर वर्षाला अर्धा सातोशी येतो. बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी. एका बिटकॉइनचा भाव सोयीसाठी एक कोटी रुपये धरला, तर एक सातोशी दहा पैशांचा होतो, म्हणजे फोनची वर्षभराची कमाई पाच पैसे. चार वॉटने वर्षभर अखंड चालणारा फोन याच काळात पस्तीस युनिट वीज जाळतो. महावितरणचे युनिट दहा रुपयांना धरले तर साडेतीनशे रुपये होतात.

आपल्या भावाला तीन महिन्यांत ०.००४६ बिटकॉइन, म्हणजे चार लाख साठ हजार सातोशी मिळाल्याचे दिसते आहे. खरोखर मायनिंग करून तेवढे मिळवायला त्याच्या फोनला नऊ लाख वर्षे लागली असती. तो आकडा फोनने कमावलेला नाही. तो कुणीतरी आपल्या सर्व्हरवर लिहून ठेवला आहे.

याची खात्री त्याला स्वतःलाच करून घेऊ द्या. बटण दाबल्यावर फोन विमान मोडवर टाकावा आणि अर्धा तास थांबावे. जगाशी संपर्क तुटलेला फोन नवा ब्लॉक कुठला ते जाणू शकत नाही आणि उत्तरही कळवू शकत नाही, तेव्हा आकडा तरीही वाढत राहिला तर तो फक्त घड्याळाबरोबर पुढे सरकतो आहे असे समजावे. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपने किती बॅटरी वापरली तेही बघावे. खरे मायनिंग करणारा फोन गार राहूच शकत नाही. प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालवणे हेच तर ते काम आहे. गूगलने जुलै २०१८ पासून प्ले स्टोअरवर फोनमध्येच मायनिंग करणाऱ्या ॲपना बंदी घातली आहे आणि ॲपलनेही त्याच वर्षी तसाच नियम केला. तेव्हा तिथून उतरवलेले ॲप ‘तुमचा फोन मायनिंग करतो आहे’ असे म्हणत असेल, तर एक तर ते नियम मोडते आहे, नाही तर ते खोटे बोलते आहे.

आपला तिसरा फोन मात्र वेगळ्या प्रकारात मोडतो. तो तापतो आहे, म्हणजे तिथे खरोखर काम चालू आहे, आणि टर्मक्स म्हटल्यावर ते बहुधा मोनेरो नावाच्या चलनाचे असेल. मोनेरोने नोव्हेंबर २०१९ मध्ये रँडमएक्स ही पद्धत घेतली. ती साध्या प्रोसेसरला झुकते माप देण्यासाठी मुद्दाम तशी बनवलेली आहे. असे असूनही फोन सेकंदाला काही शे आकड्यांच्या पुढे फारसा जात नाही आणि दिवसाला एक रुपयाही धड सुटत नाही. तेवढ्याची वीज तो खातोच. पण माझा प्रश्न निराळा आहे. आपल्या भावाने मोनेरोचे स्वतःचे वॉलेट कधी उघडले होते का? चिकटवलेल्या ओळींमध्ये चार किंवा आठ या अंकाने सुरू होणारा, ९५ अक्षरांचा एक लांबलचक पत्ता असेल, कमाई त्याच पत्त्याच्या वॉलेटमध्ये जमा होते. तो कुणाचा आहे, हे त्याला विचारा.

बुधवार पेठ, मोबाइल दुरुस्ती

ताई, मी पासोड्या विठोबाजवळ अकरा वर्षे फोन दुरुस्त करतो. हिशेबाचे वरच्या साहेबांनी सांगितले आहेच, मी फक्त त्या तापणाऱ्या फोनबद्दल लिहितो. कृपया हे वाचल्या वाचल्या तो चार्जरवरून काढा.

फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीच्या काचेतून किंवा प्लास्टिकमधून बाहेर पडेल तेवढीच. थोडा वेळ गेम खेळण्यासाठी बनवलेला प्रोसेसर चोवीस तास पूर्ण जोरात चालवला, की फोन आपला वेग आपणच कमी करतो, तरी गरम राहतोच. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक उष्णता आणि दुसरी कायम शंभर टक्के भरलेले राहणे. चार्जरला लावून मायनिंग करताना या दोन्ही एकत्र येतात. त्यात पुण्याचा एप्रिल-मे असेल आणि फोन खिडकीत किंवा कपाटावर उशीशेजारी ठेवलेला असेल, तर विचारायलाच नको. आतल्या रसायनाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. कॅस्परस्की या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये लोआपी नावाचा एक व्हायरस तपासला होता, जो गुपचूप मोनेरोचे मायनिंग करत असे. तपासणीचा फोन दोनच दिवसांत इतका फुगला की त्याचे मागचे झाकण वाकले.

मागच्या महिन्यात एक मुलगा अशाच कामाला लावलेला फोन घेऊन आला होता. ‘स्क्रीनवर मधोमध पिवळट डाग आला आहे, तेवढा डिस्प्ले बदलून द्या,’ असे त्याचे म्हणणे होते. मी फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवले, तर समोरचा कोपरा उचलला गेला. डिस्प्लेला काही झालेले नव्हते, खालून बॅटरी त्याला ढकलत होती. कडेच्या फटीत माझे कार्ड सहज आत गेले. उघडल्यावर नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा गोडसर वास आला, म्हणजे पिशवीची शिवण सुटायला लागली होती. तो फोन तो रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपत असे.

आपणही तीच तपासणी करा. फोन सपाट काचेवर डुलतो का, कडेला फट पडली आहे का, सिमचा ट्रे अडकतो का ते बघा. यातले एक जरी दिसले तर तो पुन्हा चार्ज करू नका, दाबून सरळ करू नका, टाचणीने भोक तर मुळीच पाडू नका आणि फ्रीजमध्येही ठेवू नका. बंद करून फरशीवर, पडदे आणि कागदांपासून लांब ठेवा आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेते आणि हात भाजतात ते कचरा वेचणाऱ्या बायकांचे. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेमार्फत ई-कचरा वेगळा गोळा केला जातो, तिथे द्या.

कर सल्लागार, टिळक रस्ता

वरील चर्चेत एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते, कारण ४,५०० रुपये भरल्यानंतरची पुढची मागणी बहुतेक वेळा कराच्या नावाने येते. ‘भारत सरकारचा ३० टक्के कर आधी आमच्याकडे जमा करा, मग रक्कम सोडतो,’ असा तो संदेश असतो, आणि त्यातला दर खरा असल्यामुळे शिकलेली माणसेही फसतात.

वस्तुस्थिती अशी आहे की १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या मालमत्तेच्या, हस्तांतरणावरील उत्पन्नाला आयकर कायद्याच्या कलम ११५ बीबीएचनुसार ३० टक्के दराने, अधिक अधिभार व उपकर, कर आकारला जाऊ लागला. तो कर आपण आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो, कुठल्या ॲपच्या हातात देत नाही. १ जुलै २०२२ पासून लागू झालेला एक टक्का टीडीएसही पैसे देणारा रकमेतून कापून घेतो. ज्याला पैसे मिळणार आहेत त्याने तो आधी यूपीआयने पाठवावा, अशी तरतूदच नाही.

आणि ज्यांना खरे मायनिंग करायचे आहे, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनाचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले होते. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वळता करता येत नाही.

कोथरूडकर

ताई, मी निवृत्त आहे आणि अशाच एका योजनेत माझे पैसे गेले आहेत. फोनचे नाव न घेता ‘तुमच्या वतीने आम्ही मायनिंग करतो’ असे ते म्हणत, एवढाच फरक होता. रोज सकाळी चहा घेताना मी तो वाढणारा आकडा बघत असे. त्या आकड्यावर माझा विश्वास एवढा बसला होता की मुलगी समजावत असताना मला ती माझे चालू उत्पन्न बंद करायला निघाली आहे असे वाटे. आपल्या भावाला आणि वडिलांना आत्ता तसेच वाटत असेल, म्हणून त्यांच्याशी बोलताना ‘तुम्ही फसलात’ या वाक्याने सुरुवात करू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. वर सांगितलेला विमान मोडचा प्रयोग भावाच्या हातूनच करवून घ्या.

पुण्याला हा प्रकार नवा नाही. गेनबिटकॉइन प्रकरणात क्लाउड मायनिंगच्या नावाखाली दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, देण्याचे आश्वासन दिल्याचा आरोप आहे. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनीच त्यात अटक केली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआय त्याच प्रकरणात देशभर छापे घालत होती.

१,९९९ रुपये लहान रक्कम म्हणून सोडून देऊ नका. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्या यूपीआय आयडीचा, संदेशांचा आणि व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ॲप काढून टाकण्यापूर्वीच घ्या, नंतर काही हाती राहत नाही. आणि तक्रारीनंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ असा कुणाचा फोन आला, तर तोही त्याच टोळीचा समजा. मला तो आला होता आणि मी दुसऱ्यांदा पैसे भरले होते.

धायरीची ताई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून सगळे तपासले.

तापणारा फोन तेव्हाच बंद केला. तो काचेच्या टीपॉयवर ठेवला तर किंचित डुलला. सिमचा ट्रे निघाला, पण कडेला कागद जाईल एवढी फट आहे. आज शाळा सुटल्यावर दुरुस्तीला नेते आहे.

भावाने स्वतः बटण दाबून आपला फोन विमान मोडवर टाकला. अर्धा तास आम्ही काही बोललो नाही. आकडा नेहमीच्याच गतीने वाढत राहिला आणि फोन बर्फासारखा गार होता. त्याने मग वही काढून हिंजवडीच्या दादांचा हिशेब पुन्हा मांडला, दोनदा मांडला, आणि पाच पैसेच आले.

टर्मक्समधल्या ओळी वाचल्या तेव्हा चारने सुरू होणारा पत्ता सापडला. भावाने मोनेरोचे वॉलेट कधी उघडलेच नव्हते. पत्ता पीडीएफमध्येच लिहिलेला होता आणि ओळी जशाच्या तशा चिकटवताना तोही बरोबर आला. सव्वादोन महिने आमच्या विजेवर आमचा फोन त्या गटातल्या कुणासाठी तरी राबत होता.

वडिलांशी भावानेच बोलणे केले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले की बरे झाले, बिल यायचे होते. ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी घेतलेली होती, ती दोन्ही फोनवरून काढली, स्क्रीनशॉट घेतले, मगच ॲप काढले आणि बँकेच्या यूपीआयचे पिन बदलले. १९३० वर तक्रार नोंदवली आहे.

अभ्यासिकेतल्या ज्या पाच जणांना त्याने जोडले होते, त्यांतल्या दोघांनी प्लॅन विकत घेतलेले आहेत. आज सकाळी तो ती हिशेबाची वही घेऊन नेहमीपेक्षा तासभर आधी बाहेर पडला.